मायक्रोफोन वापरात आहे

१

ताईचा दिवस आईपासून सुरू होई. आईला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादर ओढून सरळ करायची, गोळ्या कुटून चमच्यात कालवायच्या, मग घोटून पातळ केलेलं जेवण भरवायचं. हे सगळं उरकलं की हात धुऊन बाहेरच्या खोलीत यायचं, कम्प्युटर लावायचा आणि कानाला हेडफोन चढवायचे.

तिचं काम ऐकण्याचं होतं. एका कचेरीत तक्रारींच्या सुनावण्या चालत. त्यांची ध्वनिमुद्रणं नेटवरून तिच्याकडे येत आणि ती त्यांतला शब्दन् शब्द टाइप करून परत पाठवी. टेबलाखाली पायपट्टी होती. पुढे दाबली की आवाज सुरू, सोडली की बंद, टाचेनं दाबली की मागे. लोकांचं खोकणं, खुर्ची सरकवणं, रडू आवरणं, साहेबांचं आवाज चढवून बोलणं, सगळं तिच्या कानांवरून जाई. कोण खरं बोलतंय हे तिला आवाजावरून कळतं, असं ती गमतीनं म्हणायची.

आईचा आवाज मात्र घरातून गेला होता. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. फार तर घशातून एखादा "अं" निघे. हीच आई उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. घरीसुद्धा कोणी हाक मारली की "हो, बोला" असं म्हणायची, तेही असं खणखणीत की समोरचा विसरायचा काय बोलायचं होतं ते.

शेजारच्या वहिनी येता-जाता म्हणत, "हल्ली कोण करतं हो एवढं? आईनं पुण्य केलं म्हणून तुमच्यासारखी मुलगी."

ताई हसून दार लावून घेई.

२

त्या सकाळी नेट लागेना. तिनं भावाला फोन केला. भाऊ चाळिशी ओलांडलेला, डोक्यावरचे केस गेलेला, तरी घरात त्याचं नाव अजून छोटूच.

"छोटू, नेट गेलंय रे."

"राउटरचे दिवे लागलेत का?"

"लागलेत. माझ्या फोनवर सगळं येतंय. कम्प्युटरवरच नाही."

"खाली कोपऱ्यात काय दिसतंय?"

"पिवळा त्रिकोण. आणि त्या अँटिव्हायरसची ढाल लाल झालीय."

"ताई, त्या डब्याला आता पेन्शन दे गं."

"तुझाच डबा आहे. तूच टाकून गेलास."

छोटू हसला. मग त्यानं एकेक करून सगळं करायला लावलं. राउटर बंद करून परत लाव. वायर काढून परत खोच. कम्प्युटरची तारीख बरोबर आहे का बघ, जुन्या मशीनची बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि मग साइट उघडत नाहीत. तारीख बरोबर होती. शेवटी तो म्हणाला, "थोडा वेळ अँटिव्हायरसच बंद करून बघ."

तिनं ढालीवर क्लिक केलं तेव्हा एक चौकट उघडली. *मायक्रोफोन वापरात आहे. परवानगी द्यायची का?*

"मायक्रोफोन? कोणाशी बोलतेस तू?"

"मी कोणाशी बोलणार?"

"मग नाही म्हण."

तिनं नाही म्हटलं. नेट नाही ते नाहीच. पुन्हा सगळं बंद करून लावलं, पुन्हा तीच चौकट, पुन्हा नाही, पुन्हा पिवळा त्रिकोण.

"बरं, आता हो म्हणून बघ."

ती हो म्हणाली आणि त्रिकोण गेला. ढाल हिरवी झाली.

"हे कसं काय रे?"

"विंडोज जुनं, अँटिव्हायरस नवा. एका घरात दोघांचं पटत नाही. आज काम भागव. रविवारी येतो आणि सगळं पुसून नव्यानं टाकून देतो. आई कशी आहे?"

"आहे तशीच."

"तू आहेस म्हणून, ताई."

तिनं फोन ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यात मायक्रोफोनचं बारीक चित्र आलं होतं. तिच्या हेडफोनला माइकची दांडी होती, पण ती कधी वापरली नव्हती. तिनं माइकची पिन उपटून ठेवली.

चित्र गेलं नाही. चित्र अडकलं असेल, असं म्हणून ती कामाला लागली.

३

बुधवारी कम्प्युटर म्हणू लागला, जागा संपली. तिनं अँटिव्हायरसला सगळी तपासणी करायला लावली. तो घरघरत बसला. दुपारपर्यंत त्यानं एका फोल्डरवर बोट ठेवलं. फोल्डरला नाव नव्हतं. आत नुसते आवाज.

कचेरीचंच काहीतरी दोनदा उतरलं असेल, असं तिला वाटलं. तिनं हेडफोन चढवले आणि सवयीनं पायपट्टी दाबली.

पंख्याची खरखर. लांबवर नळ. वाटीत चमचा फिरण्याचा आवाज. मग एक बाई बोलली, "उघड. तोंड उघड म्हणते ना!"

तिनं पट्टी सोडली. क्षणभर तिला खरंच कळलं नाही. कोण ही बाई? केवढा कर्कश आवाज! मग तिनं पट्टी परत दाबली.

"गिळ. दिवसभर हेच करत बसू का तुझ्यापाशी? बघू नकोस अशी माझ्याकडे. गिळ!"

चमचा दातांवर आपटला. घशातून "अं" निघाला.

ताईचे कान तापले. कानांपासून मानेपर्यंत आग पसरत गेली. आपण कधी वैतागतो, हे तिला ठाऊक होतं. कोण नाही वैतागत? पण वैताग असा ऐकू येतो हे ठाऊक नव्हतं. सुनावणीत असा आवाज आला असता तर तिनं त्या बाईविषयी काय मत केलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिनं आधी उठून खिडकी लावली. मग भिंतीकडे पाहिलं. या भिंतीपलीकडे वहिनींचं स्वयंपाकघर. मग तिची नजर राउटरवर गेली. ती काहीच पाठवत नव्हती, तरी त्याचा दिवा भराभर लुकलुकत होता. हे कुठेतरी जात होतं. कोणीतरी कुठेतरी बसून हे ऐकत होतं.

पुसून टाकायला ती पुन्हा खुर्चीत बसली, सवयीनं हेडफोन चढवले आणि पाय चुकून पट्टीवर पडला. कानात तिचीच पावलं खोलीतून बाहेर गेली. दार लोटल्याचा आवाज आला. पुढे बराच वेळ नुसता पंखा.

मग आई म्हणाली, "हो, बोला. ऐकू येतंय."

४

आवाज आईचाच होता. स्पष्ट, खणखणीत, एकही अक्षर न खाणारा. झटक्याआधीचा.

ताईचा पाय पट्टीवर तसाच राहिला.

"नाही हो," आई म्हणाली. "दमते ती. एकटीच करते सगळं."

पंखा.

"हात ना? दुखतो. पण मुद्दाम नाही धरला तिनं. घाई असते सकाळी."

पुन्हा पंखा. फोनवर दुसऱ्या बाजूचा माणूस बोलत असतो तेव्हा जेवढं थांबतात, तेवढंच आई थांबत होती.

"नको, नको. तिला नका काही करू."

ताईनं हेडफोन काढून फेकले आणि आत धावली. आई उताणी पडली होती. ओठ एका बाजूला ओघळलेले, डोळे छताकडे. ताईनं तिची बाही वर केली. दंडावर जांभळे डाग होते, बोटांच्या रुंदीचे, एकापाशी एक. ते तिनं आधीही पाहिले होते. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी असं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते आणि तिनं ते लगेच मानलं होतं.

तिनं आपली बोटं त्या डागांवर टेकवली. नेमकी बसली.

"आई," ती म्हणाली, "तू बोललीस?"

आईनं डोळे वळवून तिच्याकडे पाहिलं. "अं."

बाहेर येऊन ताई विचार करू लागली. कम्प्युटर छोटूचा. त्यानं कधीतरी घरातल्या जुन्या कॅसेट यात उतरवल्या होत्या. त्यातलाच आईचा आवाज असणार. व्हायरस फायलींची खिचडी करतात, हे कोणीही सांगेल. तिला बरं वाटलं. खात्री करायला तिनं पुढची फाइल लावली.

"चादर नवी आहे," आई सांगत होती. "निळी. तिनंच आणली. मऊ आहे हो. म्हटलं ना, वाईट नाही ती."

निळी चादर ताईनं नुकतीच आणली होती.

५

छोटूला सांगायला हवं होतं. तिनं फोन हातात घेतला, नंबरही काढला. पण सांगायचं म्हणजे ऐकवायचं. आणि आईचं ऐकवायचं तर त्याच्या आधीचं तिचंही ऐकवावं लागणार.

मग तिला सुचलं, आपला भाग कापून टाकू. एवढं तिला येत होतं. तिनं आपली वाक्यं निवडून कापली, जोड गुळगुळीत केला आणि उरलेलं लावून पाहिलं. पंखा ऐकू आला. आईचा जड श्वास ऐकू आला. बाकी काही नाही. तिनं कापलेलं परत जोडलं. "गिळ!" ती ओरडली, चमचा आपटला, पावलं गेली, आणि आई म्हणाली, "हो, बोला."

तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तिच्या ओरडण्याशिवाय आई बोलत नव्हती.

फोन तिनं खाली ठेवला. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी तिनं काम बाजूला ठेवलं, कम्प्युटर चालू केला, चौकटीला हो म्हणाली आणि आईच्या खोलीत स्टुलावर जाऊन बसली. ओठांवरून नजर हलवायची नाही असं ठरवून बसली. ओठ हलले नाहीत. माशी येऊन हनुवटीवर बसली, तीही तिनं हाकलली नाही. खोलीत औषधाचा आणि ओल्या टॉवेलचा वास होता. वर पंख्याची खरखर होती, आणखी काही ऐकू येत नव्हतं. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती उठली आणि बाहेर जाऊन हेडफोन लावले.

आईनं आवाज खाली आणला होता. अवेळी आलेल्या पाहुण्याला दारातच थोपवावं तसं ती म्हणत होती, "आत्ता नको. ती इथेच बसलीय."

६

तेव्हापासून ताई हळू बोलू लागली. "घे गं, एक घास. दुखतंय का? थांब, उशी देते." पाठ पुसताना ती आईच्या केसांवरून हात फिरवी. शेजारच्या वहिनी औषध द्यायला आल्या तेव्हा दारातच थबकल्या. "किती गोड बोलता हो तुम्ही त्यांच्याशी!" त्यांचे डोळे पाणावले.

त्या दिवशी फाइल ऐकताना ताईला जवळजवळ आनंदच झाला होता. परीक्षेचा निकाल घ्यायला जावं तशी ती बसली. तिचा आवाज छान लागला होता. मऊ, समजूतदार. मग पावलं, मग दार, मग पंखा.

"नाही," आई म्हणाली. "हे तुमच्यासाठी बोलतेय ती."

ताईनं हेडफोन काढले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. रागावलेली आई तिनं पाहिली होती. हा राग नव्हता. आई नुसतं जे होतं ते सांगत होती.

तिनं नेटची वायर उपटली. चौकटीला नाही म्हटलं. शेवटी भिंतीतलं बटणच बंद केलं आणि कम्प्युटर मुका करून टाकला. कचेरीचा फोन आला, सुनावणी अजून का नाही आली? आजारपण आहे घरात, असं ती म्हणाली. साहेब चांगले होते. "आईंची सेवा आधी," म्हणाले. तेही तिला लागलं.

शनिवारी सकाळी आईनं घास थुंकला. नव्या चादरीवर, ताईच्या अंगावर. दुसरा दिला, तोही थुंकला. ती बघत होती ताईकडे. मुद्दाम थुंकतेय असं ताईला वाटलं. आणि कम्प्युटर बंद आहे, हेही तिच्या मनात आलं. नंतर तिला सगळ्यात जास्त तेच टोचलं, की बोलायच्या आधी तिच्या मनात ते आलं होतं.

"मर एकदाची!" ती म्हणाली. "सुटू दे मला!"

ताईनं वाटी तिथंच ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

नंतर तिनं कम्प्युटर लावला. लावायचा नाही असं ठरवूनसुद्धा लावला. वायर उपटलेली, बटण बंद होतं सकाळभर. तरी फोल्डरमध्ये नवी फाइल होती.

तिनं पट्टी दाबली. स्वतःला ऐकलं. पावलं, दार, नळ. आई आता तिची बाजू घेईल म्हणून ती वाट पाहत राहिली. दमते ती. मुद्दाम नाही करत. एवढं तरी म्हणेल.

आई बराच वेळ काही बोलली नाही. समोरचा विचारत असावा, पुन्हा विचारत असावा.

"हो," आई म्हणाली. "चालेल. या."

७

रविवारी छोटू आला. पिशवीत नवी हार्ड डिस्क, गळ्यात चष्म्याची दोरी. आधी आईपाशी बसला, तिच्या डाव्या हाताला आपला गाल लावला. मग बाहेर येऊन त्यानं कम्प्युटर उघडा केला आणि आतली धूळ फुंकली.

"बापरे, किती वर्षांची! ताई, तू या मशीनचीही सेवाच केलीस."

ती चहा घेऊन उभी होती. "छोटू."

"हं?"

"आईला तुझ्याकडे नेशील का? थोडे दिवस."

त्यानं वर पाहिलं. "का गं? फार होतंय का?" आणि लगेच, खूप प्रेमानं, "मी काय करणार तिचं? मला चमचाही नीट धरता येत नाही. तुझ्यासारखं कोणाला जमणार?"

इथं ती बोलू शकत होती. तोंडापर्यंत आलं होतं. त्यानं विचारलंही, "काय झालं?" पण त्याचा चेहरा इतका स्वच्छ होता, तिच्याविषयी त्यात इतकं काही चांगलं होतं, की ते पुसलं गेलेलं तिला बघवलं नसतं.

"काही नाही," ती म्हणाली. "झोप नाही झाली."

तो परत आत वाकला. "हे बघ गंमत. माइकचं कनेक्शन आतून तुटलेलंच आहे. मी इथे राहत होतो तेव्हाच तुटलं होतं, आत्ता आठवलं. मग कसला माइक नि कसली परवानगी! अँटिव्हायरस उगाच भुंकत होता." तो उठून हात झटकू लागला. "यातलं काही ठेवायचंय? पुसलं की गेलं, परत मिळणार नाही."

आईचा आवाज त्यात होता. पुन्हा कधीही ऐकू न येणारा. छोटूनं तो एकदा ऐकला असता तर रडला असता.

"नाही," ताई म्हणाली. "पूस सगळं."

दुपारपर्यंत नवं विंडोज बसलं. नेट झटक्यात लागलं. ढाल हिरवी, चौकट नाही, कोपऱ्यात चित्र नाही. छोटूनं तिच्या पाठीवर थाप मारली, आईला लांबूनच हात केला आणि गाडी चुकेल म्हणत निघून गेला.

८

दार लावून ताई आत गेली तेव्हा आई भिंतीला लागून पडली होती.

तिला पलंगाच्या मधोमध ठेवलेलं होतं. स्वतःहून ती कूससुद्धा बदलू शकत नव्हती. छोटूनं सरकवलं असेल, असं ताईनं स्वतःला सांगितलं. पण जाताना तो खोलीत शिरला नव्हता. आता आई कुशीवर होती, तोंड बाहेरच्या बाजूला, आणि पलंगाचा उरलेला भाग मोकळा होता. निळी चादर तिथे नीट पसरलेली होती. आईनं डाव्या हातानं त्या मोकळ्या जागेवर थोपटलं. एकदा, मग पुन्हा. डोळे ताईवर होते.

ताईला रडू फुटलं. ती लहान असताना आई रात्रपाळीहून आली की अशीच जागा करायची. ती चप्पल काढून पलंगावर चढली आणि आईकडे तोंड करून आडवी झाली. इतक्या जवळून तिनं आईला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. पापण्या विरळ झाल्या होत्या. गालाला सकाळचा घास सुकून चिकटला होता, तो तिनं नखानं हळूच काढला.

"आई, चुकलं माझं," ती म्हणाली. आता कोणी ऐकत नव्हतं, म्हणून ते खरं निघालं. "मला नाही तसं म्हणायचं होतं. नाही, म्हणायचंच होतं. पण चुकलं."

कोणीतरी तिच्या पाठीवर थोपटायला लागलं. हळू, एका लयीत, मुलाला निजवतात तसं. तिचा श्वास सैल झाला. तिनं डोळे मिटले आणि आईचा हात आणखी घट्ट धरला.

मग तिला कळलं, की आईचा हात आपण धरलाय. डावा हात तिच्या दोन्ही तळव्यांत होता. उजवा, लुळा, दोघींच्या मध्ये चादरीवर पडला होता. डोळे उघडल्यावर तो तिला दिसत होता. आईच्या पाठीला भिंत होती.

पाठीवरचं थोपटणं चालू होतं.

आई तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून, मागे, जरा वरच्या बाजूला बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. सरळ, दोन्ही बाजूंनी सारखे. आवाज काही येत नव्हता.

वळून पाहावं असं ताईला एकदाच वाटलं. पण कुठल्या तोंडानं वळणार होती ती? तिनं गुडघे पोटाशी घेतले, जरा पुढे सरकली आणि मागे जागा केली.